जगातील एकूण पैसा : मोजणीच्या पद्धती, व्याख्या आणि मर्यादा

जगात एकूण किती पैसा आहे, या प्रश्नाला एकच निर्विवाद उत्तर नाही. साऱ्या जगाची अशी मध्यवर्ती बँक नसल्याने सर्व पैसा एकत्र मोजणारी यंत्रणाही नाही. प्रत्येक देशाची मध्यवर्ती बँक आपापल्या व्याख्येनुसार देशातील पैसा मोजते. जागतिक आकडा म्हणजे या राष्ट्रीय आकड्यांची, बहुधा अमेरिकी डॉलरमध्ये रूपांतर करून केलेली बेरीज होय. त्यामुळे व्याख्या किंवा विनिमय दर बदलताच, कोणाच्याही खिशातील वा खात्यातील रक्कम तिळमात्र न बदलता, हा आकडा लक्षणीय वर-खाली होऊ शकतो.

चलनवाढ, व्याजदर आणि चलनांचे मूल्य यांच्या चर्चेत पैशाच्या पुरवठ्याचे आकडे वारंवार येतात. ते कसे तयार होतात, त्यात काय धरले जाते आणि काय निसटते, याची माहिती या लेखात दिली आहे. येथे 'लाख कोटी' म्हणजे एकावर बारा शून्ये, असे समजावे.

पैशाचे स्तर

पैशाच्या मोजणीतील पहिला प्रश्न कशाला पैसा म्हणावे, हा आहे. हातातील नोट हा पैसा, याबद्दल वाद नाही. चालू खात्यातील शिल्लक धनादेशाने किंवा मोबाइलवरून क्षणार्धात दुसऱ्याला देता येते, म्हणून तीही पैसाच ठरते. परंतु तीन वर्षांची मुदत ठेव मोडल्याशिवाय खर्च करता येत नाही. तिला पैसा म्हणावे की बचत? अर्थशास्त्रज्ञांनी याचे एकच उत्तर न देता स्तरांची मांडणी केली. जी मालमत्ता जितक्या सहज खर्च करता येते, तितकी ती पैशाच्या गाभ्याजवळ.

सर्वांत आतला स्तर राखीव पैशाचा आहे. चलनात असलेल्या नोटा व नाणी आणि बँकांनी मध्यवर्ती बँकेकडे ठेवलेली शिल्लक त्यात येते. त्यानंतर संकुचित पैसा येतो, म्हणजे जनतेकडील रोकड आणि मागताक्षणी काढता येणाऱ्या ठेवी. त्याबाहेर विस्तृत पैसा असून त्यात मुदत ठेवींचीही भर पडते. या स्तरांना एम-०, एम-१, एम-२, एम-३ अशी नावे आहेत. मात्र एकच नाव दोन देशांत एकाच अर्थाने वापरले जातेच असे नाही, आणि जागतिक बेरजेतील पहिली अडचण येथेच सुरू होते.

भारतातील मोजणी

भारतात रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटांनी १९६१, १९७७ आणि १९९८ मध्ये या मोजणीची चौकट निश्चित केली. प्रचलित एम-१ ते एम-४ हे चार स्तर १९७७ च्या दुसऱ्या कार्यगटाने सुचवले. जनतेकडील चलन, बँकांतील मागणी ठेवी आणि रिझर्व्ह बँकेकडील इतर ठेवी मिळून एम-१ होतो. त्यात टपाल कार्यालयाच्या बचत बँकेतील ठेवी मिळवल्या की एम-२ मिळतो. एम-१ मध्ये बँकांतील मुदत ठेवी मिळवल्या की एम-३ होतो. एम-३ मध्ये टपाल कार्यालयातील सर्व ठेवी (राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे वगळून) मिळवल्या की एम-४ तयार होतो. धोरणाच्या चर्चेत विस्तृत पैसा म्हणून एम-३ चा उल्लेख होतो आणि त्याचे आकडे दर पंधरवड्याला प्रसिद्ध होतात.

वाय. व्ही. रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तिसऱ्या कार्यगटाने १९९८ मध्ये या चौकटीची फेरमांडणी केली. टपाल ठेवी आणि बिगरबँक वित्तसंस्थांतील ठेवी पैशाच्या मोजमापातून काढून तरलतेच्या स्वतंत्र मोजमापांत ठेवाव्यात, असे गटाने सुचवले. पैसा निवासी तत्त्वावर मोजावा, ही त्याची दुसरी महत्त्वाची शिफारस होती. अनिवासी भारतीयांनी परकीय चलनात ठेवलेल्या व पुन्हा परदेशी नेता येणाऱ्या मुदत ठेवी त्यामुळे नव्या एम-३ मधून वगळल्या गेल्या. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या व्यक्तीची भारतीय बँकेतील अशी डॉलर ठेव बँकेच्या पुस्तकांत दिसते, परंतु या व्याख्येने देशाच्या पैशात मोजली जात नाही.

स्तर वेगवेगळे का ठेवावे लागतात, हे नोटाबंदीच्या काळात स्पष्ट झाले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १,००० रुपयांच्या ज्या नोटा रद्द झाल्या, त्यांचे मूल्य सुमारे १५.४१ लाख कोटी रुपये होते. त्यांपैकी सुमारे १५.३१ लाख कोटी रुपयांच्या नोटा बँकांकडे परत आल्याचे रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालात नमूद आहे. त्या काही आठवड्यांत जनतेकडील चलन झपाट्याने घटले, पण एम-३ तसा कोसळला नाही. नोटांच्या रूपातील पैसा खात्यांतील ठेवींच्या रूपात गेला होता आणि विस्तृत पैशाच्या व्याख्येत या दोन्ही रूपांची जागा एकच आहे. केवळ रोकड पाहणाऱ्याला पैसा नाहीसा झाल्यासारखा वाटला असता. केवळ एम-३ पाहणाऱ्याला बाजारात रोकडीची टंचाई असल्याचे कळलेही नसते.

नोटा न छापता वाढणारा पैसा

पैसा म्हणजे छापलेल्या नोटा, हा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात आधुनिक अर्थव्यवस्थेतील बहुतांश पैसा बँकांच्या खात्यांत असतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात दिलेल्या माहितीनुसार ब्रिटनमधील विस्तृत पैशापैकी सुमारे ९७ टक्के हिस्सा बँक ठेवींचा होता.

या ठेवी प्रामुख्याने कर्जांतून निर्माण होतात. एखाद्या कुटुंबाला बँकेने २० लाख रुपयांचे गृहकर्ज मंजूर केले आणि ती रक्कम बांधकाम व्यावसायिकाच्या खात्यात जमा झाली, की बँकिंग व्यवस्थेतील एकूण ठेवी तेवढ्याने वाढतात. कोणाच्याही ठेवीतून ही रक्कम वजा झालेली नसते. कर्जाची मुद्दल फेडली जाते तसतसा हा पैसा पुन्हा कमी होतो. याउलट, यूपीआयद्वारे केलेल्या व्यवहाराने नवा पैसा निर्माण होत नाही. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यात जाते, एवढेच.

याच कारणाने मोजणी करताना बँकांचे ताळेबंद नुसते एकत्र करून चालत नाही. एका बँकेने दुसऱ्या बँकेत ठेवलेली रक्कम आणि बँकांच्या तिजोऱ्यांतील रोकड त्यातून वगळावी लागते. अन्यथा तोच पैसा दोनदा मोजला जाईल. केंद्र सरकारच्या ठेवीही सामान्यतः पैशाच्या पुरवठ्यात धरत नाहीत. पैसा धारण करणारे म्हणजे कुटुंबे, उद्योग आणि संस्था, तर पैसा निर्माण करणारे म्हणजे मध्यवर्ती बँक आणि इतर बँका, असा हा भेद आहे.

एक बचत खाते, अनेक रकाने

सर्वसामान्य बचत खात्याचे उदाहरण घेतले तर देशोदेशीच्या व्याख्यांतील अंतर ध्यानात येते.

भारतात बचत ठेवींचे दोन भाग केले जातात. मागणी स्वरूपाचा भाग एम-१ मध्ये जातो आणि मुदत स्वरूपाचा भाग एम-३ मध्ये.

अमेरिकेत बचत खात्यातून महिन्याला सहाच हस्तांतरणे करण्याची मर्यादा असल्याने बचत ठेवी एम-१ मध्ये नसून एम-२ मध्ये होत्या. फेडरल रिझर्व्हने २४ एप्रिल २०२० रोजी ही मर्यादा उठवली आणि मे २०२० पासूनच्या आकडेवारीत बचत ठेवींचा समावेश एम-१ मध्ये केला. परिणामी सुमारे पाच लाख कोटी डॉलरच्या आसपास असलेला एम-१ एका महिन्यात सोळा लाख कोटींच्या वर गेलेला दिसतो. ही उडी बव्हंशी वर्गीकरणाची आहे. तरीही केवळ आलेख पाहून अमेरिकेने एका महिन्यात तिप्पट पैसा छापला, असा दावा अनेकदा केला जातो. बचत ठेवी एम-२ मध्ये आधीपासूनच असल्याने या फेरबदलाने एम-२ मध्ये काहीच फरक पडला नाही.

चीनमध्ये व्यक्तींच्या मागणी ठेवी अनेक वर्षे एम-१ मध्ये धरल्या जात नव्हत्या. त्यात रोकड आणि कंपन्या व संस्थांच्या मागणी ठेवी येत. जानेवारी २०२५ पासून चीनच्या मध्यवर्ती बँकेने व्यक्तींच्या मागणी ठेवी आणि बिगरबँक देयक संस्थांकडील ग्राहकांची शिल्लक एम-१ मध्ये घेतली. मोबाइलवरून होणारे व्यवहार दैनंदिन झाल्यानंतर जुनी व्याख्या अपुरी पडू लागली होती.

जपानमध्ये टपाल बँकेतील ठेवी एम-२ मध्ये नाहीत, मात्र एम-३ मध्ये आहेत. टपाल सेवेच्या खासगीकरणानंतर २००८ मध्ये तेथील मोजणीची पुनर्रचना झाली. म्हणजेच एका कुटुंबाची तीच बचत एका देशात एम-१, दुसऱ्यात एम-२ आणि तिसऱ्यात एम-३ च्या रकान्यात नोंदली जाऊ शकते.

आंतरराष्ट्रीय चौकट

ही विविधता तुलनेसाठी गैरसोयीची असल्याने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सामायिक चौकट तयार केली आहे. जानेवारी १९४८ पासून नाणेनिधी सदस्य देशांची वित्तीय आकडेवारी नियमितपणे प्रसिद्ध करत आला आहे. मौद्रिक व वित्तीय सांख्यिकीविषयीची त्याची पुस्तिका २००० मध्ये आली आणि २०१६ मध्ये ती सुधारित, एकत्रित स्वरूपात प्रकाशित झाली.

या पुस्तिकेत पैशाची एकच व्याख्या सर्व देशांवर लादलेली नाही. ठेव स्वीकारणाऱ्या संस्था कोणत्या, पैसा धारण करणारे कोण आणि कोणती साधने पैशाच्या जवळची मानावीत, याची तत्त्वे तीत दिली आहेत. मध्यवर्ती बँक आणि इतर ठेव-संस्था यांचे ताळेबंद ठरावीक नमुन्यांत मांडून परस्परांतील देणी-घेणी वजा केली जातात. त्यातून मिळणारा विस्तृत पैशाचा आकडा देशादेशांत बऱ्याच अंशी तुलनीय असतो. जागतिक बँकही विस्तृत पैशाची देशनिहाय आकडेवारी आणि तिचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण उपलब्ध करून देते.

बेरीज कशी होते

जागतिक अंदाज बांधताना प्रथम प्रत्येक देशाचा विस्तृत पैशाचा आकडा घेतला जातो. मग एका ठरावीक तारखेच्या विनिमय दराने त्याचे डॉलरमध्ये रूपांतर केले जाते आणि शेवटी बेरीज केली जाते. २०२४ च्या अखेरची ढोबळ आकडेमोड पुढीलप्रमाणे मांडता येते. चीनचा एम-२ सुमारे ३१३ लाख कोटी युआन, म्हणजे सुमारे ४३ लाख कोटी डॉलर होता. अमेरिकेचा एम-२ सुमारे २१.५ लाख कोटी डॉलर होता. युरो क्षेत्राचा एम-३ डॉलरमध्ये १७ लाख कोटींच्या आसपास, जपानचा एम-२ सुमारे ८ लाख कोटी आणि भारताचा एम-३ सुमारे ३ लाख कोटी डॉलर होता. या पाचांचीच बेरीज ९० लाख कोटी डॉलरच्या वर जाते. ब्रिटन, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देश मिळवले की ती १०० लाख कोटींच्या पलीकडे पोहोचते.

या यादीत चीनचा पैसा अमेरिकेच्या दुप्पट दिसतो, तरी त्यावरून चीन दुप्पट श्रीमंत ठरत नाही. चीनमध्ये बचत आणि कर्ज यांचा मोठा हिस्सा बँकांमधून वाहतो, म्हणून तेथील एम-२ वार्षिक उत्पादनाच्या दुपटीहून अधिक आहे. अमेरिकेत उद्योग रोखे व भांडवल बाजारांतून मोठ्या प्रमाणावर निधी उभारतात, म्हणून तेथे हे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश आहे. शिवाय एक लाख डॉलर आणि त्याहून मोठ्या मुदत ठेवी अमेरिकेच्या एम-२ मध्ये धरल्या जात नाहीत. त्या समाविष्ट असलेल्या एम-३ ची आकडेवारी फेडरल रिझर्व्हने मार्च २००६ मध्ये बंद केली. त्यामुळे वरील बेरीज काटेकोर अर्थाने एकजिनसी नाही.

निसटणारा पैसा

राष्ट्रीय मोजणी देशाच्या सीमेवर थांबते, पैसा थांबत नाही. एखाद्या जर्मन कंपनीने लंडनमधील बँकेत डॉलरमध्ये ठेव ठेवली, असे मानू. ब्रिटनचा एम-४ स्थानिक खासगी क्षेत्राच्या पौंडातील ठेवी मोजतो, म्हणून ती त्यात येत नाही. युरो क्षेत्राचा एम-३ त्या क्षेत्रातील बँकांमधील ठेवी मोजतो, म्हणून ती तेथेही नाही. अमेरिकेचा एम-२ आपल्या देशातील संस्थांमधील ठेवी मोजतो, म्हणून डॉलर असूनही ती तेथे नोंदली जात नाही. अमेरिकेबाहेरील बँकांतील डॉलर ठेवींना 'युरोडॉलर' म्हणतात आणि त्यांचा मोठा भाग अशा रीतीने बेरजेबाहेर राहतो.

रोकडीच्या बाबतीत उलट घडते. फेडरल रिझर्व्हच्या अंदाजानुसार डॉलरच्या नोटांपैकी मूल्याने सुमारे निम्म्या किंवा त्याहून अधिक नोटा अमेरिकेबाहेर आहेत, तरीही त्या अमेरिकेच्याच पैशात मोजल्या जातात. इक्वेडोरने २००० मध्ये आणि एल साल्वाडोरने २००१ मध्ये डॉलर हेच आपले चलन म्हणून स्वीकारले. तेथील बाजारात फिरणाऱ्या नोटा मोजण्याचे थेट साधन त्या देशांच्या मध्यवर्ती बँकांकडे नाही.

विनिमय दराचा परिणाम

बेरजेतील सर्वांत चंचल घटक विनिमय दराचा आहे. २०२२ च्या प्रारंभी एका डॉलरला सुमारे ११५ येन मिळत, तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हा दर १५० च्या आसपास गेला. जपानचा सुमारे १,२०० लाख कोटी येनचा एम-२ जुन्या दराने १० लाख कोटी डॉलरहून अधिक भरतो आणि नव्या दराने सुमारे ८ लाख कोटी. जागतिक बेरजेतून दोन लाख कोटींहून अधिक डॉलर गेलेले दिसतात. प्रत्यक्षात जपानी कुटुंबांच्या खात्यांतून एक येनही कमी झालेला नसतो. म्हणूनच काळानुरूप तुलना करताना एकच स्थिर विनिमय दर वापरणे किंवा प्रत्येक देशाचा वाढीचा दर त्याच्या स्वतःच्या चलनात पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

जे पैशात मोजले जात नाही

सोने, समभाग, घरे, जमिनी व दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे ही संपत्ती असली, तरी पैशाच्या पुरवठ्यात तिची गणना होत नाही. बिटकॉइनसारखी आभासी चलनेही मध्यवर्ती बँकांच्या या मोजमापांत नाहीत. नाणेनिधीचे विशेष आहरण अधिकार सरकारांच्या परकीय गंगाजळीचा भाग आहेत, जनतेकडील पैशाचा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ६५,००० कोटी डॉलर मूल्याच्या अशा अधिकारांचे वाटप झाले, तेव्हा कोणत्याही देशातील नागरिकांच्या खात्यांत त्यामुळे थेट भर पडली नाही.

'जगावरील कर्ज जगातील पैशाहून अधिक आहे, मग ते फिटणार कसे', हा प्रश्नही याच गफलतीतून येतो. जागतिक कर्जाचे अंदाज ३०० लाख कोटी डॉलरच्या वर आहेत, हे खरे. परंतु एकच रुपया वर्षभरात अनेक हातांतून जातो आणि अनेक हप्ते फेडतो. पैसा हा ठरावीक क्षणी मोजलेला साठा असून कर्जफेड अनेक वर्षांच्या उत्पन्नाच्या प्रवाहातून होते. त्यामुळे या दोन आकड्यांची थेट वजाबाकी अर्थशून्य आहे.

मोजणीवर उभारलेले धोरण

या व्याख्यांचे परिणाम प्रत्यक्ष जीवनावर होतात. मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेच्या मौद्रिक इतिहासानंतर पैशाची वाढ रोखून महागाई रोखावी, हा विचार प्रबळ झाला. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने मार्च १९८० मध्ये पौंडातील एम-३ ची वाढ वर्षाला ७ ते ११ टक्क्यांत ठेवण्याचे लक्ष्य जाहीर केले. बँकांच्या ठेवीवाढीवरील निर्बंध त्याच वर्षी उठल्याने हे मोजमाप लक्ष्याच्या कितीतरी पुढे गेले. त्याच वेळी उच्च व्याजदर आणि महागलेला पौंड यांमुळे उद्योग मंदीत होरपळत होते. मोजमाप सैल धोरण दाखवत होते आणि कारखाने बंद पडत होते. १९८२ मध्ये तेथील बेरोजगारांची संख्या ३० लाखांच्या वर गेली. एखाद्या मोजमापालाच लक्ष्य बनवले की त्याची विश्वासार्हता ढासळते, असा इशारा अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्येच दिला होता.

भारतात सुखमय चक्रवर्ती समितीच्या १९८५ च्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने एम-३ च्या वाढीला धोरणाचे मध्यवर्ती लक्ष्य मानले. वित्तीय सुधारणांनंतर पैसा आणि किमती यांच्यातील नाते पूर्वीइतके स्थिर न राहिल्याने १९९८ मध्ये अनेक निर्देशकांचा एकत्रित विचार करण्याची पद्धत आली. २०१६ पासून ४ टक्के, अधिक-उणे २ टक्के, हे महागाईचे लक्ष्य थेट स्वीकारण्यात आले.

याचा अर्थ हे आकडे निरुपयोगी ठरले, असा नाही. फेब्रुवारी २०२० ते २०२२ च्या प्रारंभापर्यंत अमेरिकेचा एम-२ सुमारे ४० टक्क्यांनी वाढला आणि जून २०२२ मध्ये तेथील वार्षिक महागाई ९.१ टक्क्यांवर पोहोचली. पुरवठा साखळीतील अडथळे आणि युद्धामुळे वाढलेले इंधनदर हीदेखील तिची कारणे होती, तरी पैशाच्या वाढीने दिलेला संकेत दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये १९५९ पासूनच्या मासिक मालिकेत प्रथमच एम-२ वर्षभरापूर्वीच्या पातळीखाली आला.

म्हणून जगातील एकूण पैशाचा एखादा आकडा समोर आल्यास चार गोष्टी तपासणे आवश्यक आहे. तो कोणत्या स्तराचा आहे, कोणत्या देशांचा आहे, कोणत्या तारखेच्या विनिमय दराने काढला आहे आणि दरम्यान व्याख्या बदलली आहे का? या चारही गोष्टी नमूद असतील, तर तो आकडा अर्थव्यवस्थेच्या प्रकृतीविषयी उपयुक्त माहिती देतो. त्या नमूद नसतील, तर त्यावरून बचत, गुंतवणूक किंवा महागाईविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.